एक ओळ मागे

३ मार्च, सोमवार
टेंभुर्णीच्या पुढं एसटीतून उतरलो, आणि शाळेपुढचा कडुलिंब अजून तसाच! सेहेचाळीस वर्षांपूर्वी छात्राध्यापक म्हणून पहिला पाठ मी इथंच घेतला. आता मुख्याध्यापक अंगदरावांनी आठवडाभर बोलावलंय. मोनाली नावाच्या नव्या छात्रशिक्षिकेला कविता म्हणवून घ्यायला शिकवायचं. शनिवारी कॉलेजच्या मॅडम तिचा पाठ बघणार. पोरगी मायाळू, मधल्या सुटीत लेकरांची नखं कापत बसते. मला म्हणाली, सर, तुमच्या वेळी निस्ती घोकंपट्टी असंल ना? मी हसून तेव्हाची माझीच कविता फळ्यावर लिहिली:

टेकडीवरचं ऊन कोवळं
दबकत आलं शाळेत,
दार उघडा, गुरुजी, म्हणतं,
बसू द्या ना ओळीत.

लेकरांनी चाल झटकन उचलली. डोळे भरून आले. फक्त स्वरा नावाची मुलगी अडखळते, एक ओळ मागे राहते.

५ मार्च, बुधवार
स्वरा आज तापानं घरी. तरी कविता संपल्यावर शेवटची ओळ एकटीच, बारीक आवाजात मागून आली. मोनाली म्हणाली, सर, उन्हात नका हिंडू, कान वाजून राह्यलेत तुमचे.
आवाज नकाशांच्या खोलीतून आला. तीच, पत्र्याची.

६ मार्च
लिहूनच टाकतो. बायकोलाही कधी सांगितलं नाही.
सत्यशीला. दुसरीतली. तीही एक ओळ मागे राहायची. माझा पाठ बिघडू नये म्हणून त्या शनिवारी तिला नकाशांच्या खोलीत बसवलं, बाहेरून कडी घातली. पाठ रंगला. शाबासकीच्या धुंदीत गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन झोपलो. संध्याकाळी तिचा बाप संपत दारात आला. गुरुजी, पोरगी शाळेत आल्ती का? तेव्हा आठवलं. आणि मी म्हणालो, ती आज आलीच न्हाई.
माणसं पांगली की काढीन, असं मनात. माणसं पांगली नाहीत. रविवारभर विहिरी धुंडाळल्या. त्यांच्यासोबत मीही वाकून बघत होतो. सोमवारी शिपायानं कडी काढली.
कडी आपोआप पडली असंल, लोक म्हणाले. मीही म्हणालो.

७ मार्च
स्वरा परतली. मोनालीनं चाचरत विचारलं, उद्या मॅडमसमोर ती बावरंल, पाठ होईपर्यंत तिला नकाशांच्या खोलीत चित्रं काढायला बसवू का?
नको म्हणायचं होतं. पण का नको, तेही सांगावं लागलं असतं.
हो म्हणालो. पुन्हा —

८ मार्च, शनिवार
पाठ संपला, मॅडम खूश. मी धावलो. स्वरा खडूनं ऊन काढत बसलेली. तिला बाहेर ढकललं, ती घराकडं पळाली — आणि दार मिटलं. कडी पडली. बाहेरून.

पत्रा तापलाय. ही वही खिशात होती, फोन वर्गातच राहिला. हाका मारतोय — घंटा, पोरांचा गलका — माझा आवाज सगळ्यांच्या मागे राहतोय —

पावलं. अंगदराव विचारताहेत, कवितेचे सर कुठं गेले? अहो, इथं — मी इथं —

दारापलीकडून बारीक आवाज.
गुरुजी आज आलेच न्हाईत.

पावलं लांब चालली. फाटकाचं कुलूप. उद्या रविवार. परवा सो —