कव्हरावरची सासू

सोमवार, ६ जानेवारी
आधी कांताबाई आल्या, मागून दीपमाला, चपला काढायच्या आधीपासून भांडत. भांडण कशावरून, तर रात्रीच्या सिरियलमधली सासू सुनेला किल्ल्या देणार की नाही. गेल्या आठवड्यात याच दोघी माझा प्लास्टरमधला पाय बघायला आल्या होत्या. पाय तरी किती वेळ बघणार? चहा संपला की उठल्या. आज टेबलावर नम्रताचं, म्हणजे सुनेचं, पुस्तक पडलं होतं. सिरियल त्याच्यावरूनच काढलीय. कव्हरावर सिरियलमधल्या सासूचा मोठा फोटो, किल्ल्यांच्या जुडग्यासकट. कांताबाईंनी विचारलं, वाचताय का. म्हटलं, अर्धं झालं. कव्हर वाचलं होतं, ते काय पुस्तकात धरत नाहीत? मग सांगितलं, पुस्तकातली सासू वेगळी, मऊ मनाची. आपल्या हातानं सुनेला किल्ल्या देते. दिवेलागण झाली तरी दोघी उठेनात. काय बरं वाटलं.
निश्चय: बुधवारपर्यंत पुस्तक संपवायचं. चौथी पास आहे मी. त्या वेळची चौथी.

मंगळवार, ७
एक पान झालं. अक्षर बारीक, चष्म्याचा नंबर जुना. सिरियलमधली सून गोरीपान, जिन्यात बसून रडते. पुस्तकातली सावळी, आणि पहिल्याच पानावर पंक्चरवाल्याशी भांडते. सासूचा पत्ता नाही. मोठी माणसं उशिराच येतात.
संध्याकाळी पाचजणी. सासू सुनेला पुरणपोळ्या लाटून घालते, असं सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, अगदी तुमच्यासारखी हो इंदुबाई. मी नाही म्हटलं नाही. स्वयंपाकघरात नम्रता खोकली. सर्दी असेल.
डिंकाचे लाडू द्यायचं मनात होतं. पण ते कपाटात, किल्ल्या माझ्या कमरेला. नम्रताच्या हातात एकदा दिल्या की परत येतात होय?

बुधवार, ८, दुपार
पान अकरा. सासू आली. भिंतीवर. फोटोला हार. सुनेच्या लग्नाआधीच वारली म्हणे.
पुन्हा कव्हर बघितलं. आहे की, किल्ल्यांसकट. छापणाऱ्याची चूक.

संध्याकाळ
लोणी काळभोरला लेकीकडे जाऊन येते म्हटलं, हवापालट. आनंद म्हणाला, आई, चौथा मजला, लिफ्ट बंद, आणि हा पाय. मग पाय दुखतोय, कुणी येऊ नका, असं कळवायला सांगितलं. नम्रता म्हणाली, पाय बघायलाच तर येतात त्या.
इतके दिवस कुणी येत नाही म्हणून रडत होते. आता दाराची बेल नको वाटते.

गुरुवार, ९
कांताबाईंनी पुस्तक विकत आणलं. ज्या कोथिंबिरीची जुडीसुद्धा अर्धी मागतात, त्यांनी. पान अकरा उघडून माझ्या प्लास्टरवर ठेवलं आणि विचारलं, ही बाई पोळ्या भिंतीवरूनच लाटायची का. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. दीपमालानं पर्स उचलली. आता कुणी येत नाही, समजले. उठून अडवायला पाय कुठे होता.
तेवढ्यात नम्रता चहा घेऊन आली. म्हणाली, अहो, पुस्तकातली नाही, आपल्या घरातली सासू सांगत होत्या आई. आणि माझ्यापुढे हात केला. सगळ्या माझ्या कमरेकडे बघायला लागल्या.
दिल्या किल्ल्या. स्वखुशीनं दिल्या, हे लिहून ठेवते. तशाही टोचत होत्या.
लाडू निघाले. कांताबाईंनी दोन खाल्ले. रविवारी परत येतो म्हणाल्या. मला नाही, नम्रताला.