काम तेच, मालक दुसरा

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
या वर्षी नोकरी बदलायची. निर्णय झाला. आता चर्चा नाही.

सुब्बारावांच्या कंपनीत तेरा वर्षं झाली. ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज दाखल होऊन तीन वर्षं उलटली. अर्जाला एकशे ऐंशी दिवस झाले की मालक बदलता येतो, काम तेवढं तेच किंवा त्याच्यासारखं हवं. माझे अकराशे सत्तर झाले. बफेलोच्या एका कंपनीची जाहिरात आली आहे, सॉफ्टवेअर तपासणीचीच. आजच अर्ज टाकते.

बफेलोहून पूल ओलांडला की दीड तासावर कॅनडातलं हॅमिल्टन लागतं आणि तिथे माझा मुलगा पुष्कर राहतो, हा योगायोग. कारणांत धरलेला नाही.

१४ जानेवारी, रविवार
ग्रीन कार्डवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुरुगेशनचा प्रश्न: मॅडम, मी नोकरी सोडली तर मालक चिडून माझा अर्ज बिघडवेल का? मी उत्तर दिलं: बिघडवू शकत नाही, नियम वाचा, घाबरणं हे कारण नव्हे. सव्वीस जणांचे अंगठे वर आले. मुरुगेशन आता मार्चमध्ये डॅलसला जाणार.

माझ्या सल्ल्याने नोकरी बदललेला हा आठवा. पूर्वी इथे ब्लूमिंग्टनमध्ये गणपतीला बावीस घरं जमायची, गेल्या वर्षी नऊ. जाताना प्रत्येक जण कढीपत्त्याचं झाड माझ्याकडे ठेवून जातो, कारण टेक्सास-कॅलिफोर्नियात ते नेऊ देत नाहीत. हॉलमध्ये सात कुंड्या आहेत. मी झाडांशी बोलत नाही. पाणी घालताना सूचना देते, एवढंच.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
बफेलोची मुलाखत झाली. तासाभरात त्यांची खात्री पटली, ते दिसतच होतं. मेगन नावाची बाई नेमणुका बघते. म्हणाली, तुमचा अनुभव पाहून आम्ही चार जणांची टीम तुमच्या हाताखाली द्यायचं म्हणतोय.

मी नाही म्हटलं. माझ्या अर्जात 'अ‍ॅनालिस्ट' आहे. माणसं हाताखाली आली की काम तेच राहिलं असं कसं म्हणायचं? मेगन म्हणाली, पण हा तर मान आहे. मी म्हटलं, मान मागितलेला नाही, नोकरी मागितली आहे. माझ्या कामाचं २०११ सालचं वर्णन तिला पाठवलं. तेच शब्द घालायचे. सोपं काम आहे.

४ फेब्रुवारी, रविवार
पुष्करचा फोन. बफेलोचं सांगितलं. मग म्हणाला, आई, मी काही बघून ठेवू का इकडे? मी बजावलं, माझ्या निर्णयात कुणी लुडबुड करायची नाही, मी तुझ्यासाठी येत नाहीये, नोकरीसाठी जातेय. बरं, म्हणाला. तारीख कळली की सांग.

फोन सात मिनिटं. बोलायला त्याला विषय सुचत नाही. एकवीस पूर्ण झाली की मूल आईच्या अर्जात राहत नाही; त्याचं नाव गळलं, तेव्हा कॅनडाला गेला. सहा वर्षं होतील. मुलगे असेच असतात.

२० फेब्रुवारी, मंगळवार
ऑफर आली. १५ मार्चपर्यंत होकार द्यायचा. दोन दिवसांत पाठवून देते.

मात्र पत्रात चुका आहेत. 'अ‍ॅनालिस्ट' लिहिलं, पण खाली 'नवोदितांना मार्गदर्शन' टाकलं. माझ्या जुन्या वर्णनात मार्गदर्शनाचा उल्लेख नाही. लाल रंगात दुरुस्त करून परत पाठवलं. एक स्वल्पविरामही.

१ मार्च, शुक्रवार
राजीनामा पर्समध्ये घालून ऑफिसला गेले. सुब्बाराव डब्यातला चिंचेचा भात खात होते. म्हटलं, मी जाण्याचा विचार करते आहे. मान वर न करता म्हणाले, जा की मॅडम, मुलाजवळ जाताय, चांगलंच आहे. कधी? लॅपटॉप तेवढा रेखाकडे द्या. आणि लोणच्याची बरणी पुढे केली, घ्या म्हणाले, आईने पाठवलंय.

माणूस पार हादरला आहे. तेरा वर्षांची सवय, दुःख दाखवता येत नाही एवढंच. अशा अवस्थेत त्यांच्या हातात राजीनामा देणं सभ्यपणाचं झालं नसतं. पुढच्या आठवड्यात देईन. लोणचं फार तिखट.

९ मार्च, शनिवार
खालच्या मजल्यावरची श्रावंती वर आली. राजमहेंद्रीची आहे. मुलं लहान होती म्हणून आठ वर्षं घरी होती, आता पुन्हा नोकरी शोधते. दर शनिवारी मी तिला तपासणीचं काम शिकवते. हुशार आहे, पण बोलते फार. नवऱ्याच्या अर्जावर असल्यामुळे तिला कुठलीही नोकरी चालते, नियमाची सवय अशी नाहीच.

लाल पत्र पाहून म्हणाली, सुनंदाक्का, तुम्हीच ग्रुपवर लिहिता की त्यासारखं काम चालतं, शब्दाला शब्द लागत नाही. आम्हाला ढकलून देता आणि स्वतः दारात चप्पल शोधत उभ्या. मी म्हटलं, ग्रुपवरच्यांची केस वेगळी. कशी वेगळी, म्हणाली. मी धडा सहावा काढायला सांगितलं.

जाताना तिला सांगितलं, दिसेल त्या जाहिरातीला अर्ज टाकत जा, सराव होतो. बफेलोलाही टाक.

ती गेल्यावर लक्षात आलं, दोन कप चहा केला होता आणि तिने घेतलाच नव्हता. दोन्ही प्यायले. टाकून द्यायचे कशाला?

१४ मार्च, गुरुवार
मेगनचं दुसरं पत्र. मार्गदर्शन काढलं आहे, पण ज्या सॉफ्टवेअरवर मी काम करते असं २०११ मध्ये लिहिलं होतं, त्याचं नावच नाही. फोन केला. ती म्हणाली, ते सॉफ्टवेअर बंद होऊन नऊ वर्षं झाली, मी शोधून पाहिलं. मी म्हटलं, बंद झालं म्हणून माझ्या फाइलीतून जात नाही. मग म्हणाली, तुम्ही फार काटेकोर आहात. कदर करणारी बाई आहे. मुदत २९ मार्च करून दिली.

सुब्बारावांना अजून सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांना सर्दी होती.

२४ मार्च, रविवार
मुरुगेशन गेला. आठवी कुंडी आली. निरोपाच्या जेवणाला अकरा माणसं, त्यांत चार पुढच्या दोन महिन्यांत निघणारी. सगळे म्हणत होते, मॅडममुळे धीर आला. मुरुगेशनची बायको रडली. म्हणाली, तुम्हीसुद्धा चला आता, इथे कोणासाठी थांबलाय? मी म्हटलं, थांबलेली नाहीच, कागद तयार होताहेत.

पुष्कर: सहा मिनिटं. तारीख ठरली का, एवढंच. मी म्हटलं, ठरली की कळवीन, सारखं विचारू नकोस. बरं, म्हणाला.

२८ मार्च, गुरुवार
तिसरं पत्र. सॉफ्टवेअरचं नाव आलं, टीम नाही, मार्गदर्शन नाही, निर्णय नाहीत. कामाची यादी अगदी माझ्या २०११ च्या यादीसारखी. शाब्बास मेगन.

उद्या शेवटचा दिवस. होकार सकाळी आठला.

२९ मार्च, शुक्रवार
रात्रभर विचार केला. दर महिन्याला सरकार यादी काढतं, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला त्याची. माझी तारीख कित्येक महिने जागची हललेली नाही. याचा अर्थ आता हलणार. हलली की कार्ड हातात, मग कोणाच्याही पत्रातले शब्द बघायला नकोत. पुढची यादी दोन आठवड्यांवर आहे, तेवढ्यासाठी आपण घाई का करावी?

मेगनकडे १२ एप्रिलपर्यंत मुदत मागितली. ती म्हणाली, मला वर विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा. मिळाली.

१२ एप्रिल, शुक्रवार
यादी आली. जागची हलली नाही.

आता थांबायचं कारण उरलं नाही. तरी कुंड्यांचा प्रश्न आहे. बफेलोला अजून बर्फ पडतं, गाडीत आठ झाडं गारठतील. मेगनला हे लिहिलं नाही, तिला कळायचं नाही. 'व्यक्तिगत अडचण, दहा दिवस' एवढंच लिहिलं. अजून उत्तर नाही. शुक्रवार आहे, कामात असेल.

२२ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.०५
होकार पाठवला. राजीनामा सुब्बारावांच्या टेबलावर ठेवायला काढला आहे.

दुपारी १.४०
मेगनचा फोन. ती म्हणाली, बारा तारखेला ऑफर संपली, तसं पत्र पाठवलं होतं. बघितलं तर नको असलेल्या ईमेलींत पडलं होतं. टीमची मोठी जागा आतल्याच एका माणसाला दिली. आणि माझी जागा? ती म्हणाली, तुमच्या दुरुस्त्यांनंतर ती अगदी सुरुवातीच्या पातळीची झाली होती, म्हणून दोन वर्षांच्या आत अनुभव असलेलं कोणी शोधलं. वर्णन फार स्पष्ट लिहून दिलंत, त्याबद्दल आभार.

राजीनामा पर्समध्ये परत. सुब्बारावांचा प्रश्न आपोआप सुटला.

२७ एप्रिल, शनिवार
शिकवणीची वेळ. श्रावंती पुस्तक न घेता आली. हातात पुरणपोळ्यांचा डबा, त्या तिच्याकडे पातळ आणि फार गोड करतात. उभीच राहिली. बस म्हटलं तर बसेना. शेवटी म्हणाली, अक्का, बफेलोवाल्यांनी मला घेतलं. तुम्ही सराव म्हणालात म्हणून टाकला होता. तुमची जागा आहे हे मला पत्र वाचल्यावर कळलं, त्यात ते बंद पडलेलं सॉफ्टवेअर होतं. तीनदा जिन्यापर्यंत आले. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार.

मी म्हटलं, मूर्खपणा करू नकोस. होकार दिलास? लेखी दिलास? मग रडतेस कशाला? धडा नववा राहिला आहे, बस.

शिकवला. नवव्यात तिच्या दोन चुका झाल्या. त्या दाखवल्या नाहीत.

११ मे, शनिवार
श्रावंतीचा ट्रक सकाळी निघाला. सामान चढवताना मी देखरेख केली, नाहीतर फ्रिज आडवा घातला असता. म्हणाली, तुमच्या पुष्करचा नंबर द्या, आम्हाला तिकडे कोणी ओळखीचं नाही. दिला. त्याने मुलांना धबधबा दाखवावा. वेळ असतो त्याला.

खालच्या मजल्यावर आता कोणाच्या पावलांचा आवाज नाही. अभ्यासाला चांगलं. कसला ते ठरवायचं आहे.

ग्रुपवर एक नवीन मुलगा विचारतो, मालक बदलायला भीती वाटते. मी लिहिलं: नियम वाचा.

१९ मे, रविवार. संध्याकाळी ५.००
पुष्करचा फोन. काल श्रावंतीची मंडळी त्याच्याकडे जेवायला होती. म्हणाला, आई, म्हणजे तू येत नाहीयेस. मी सगळं समजावलं, वर्णन, मुदत, यादी. तारीख विचारली नाही.

मग म्हणाला, फेब्रुवारीत मी दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. शनिवार-रविवार तू येशील म्हणून. एक तारखेपासून ती खोली ऑफिसमधल्या एकाला देतोय. मी विचारलं, मला का नाही बोललास? म्हणाला, लुडबुड करायची नाही म्हणाली होतीस.

मी म्हटलं, देतोयस ते योग्यच आहे, रिकामी खोली ठेवून काय करायचं? करार लेखी कर. हो, म्हणाला.

दोघांनीही फोन ठेवला नाही. मी विचारलं, त्या खोलीत पलंग कसा लावला होतास? म्हणाला, खिडकीला लागून. डोकं पूर्वेला.