राक्षसाला व्ही.आर.एस.

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार
मिल बंद. तरी ऑफिस स्टाफने रोज हजेरी लावायचीच, असं युनियनचं म्हणणं. बसून करायचं काय? अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला खेळ आज ऑफिसात काढला. एक जण मास्टर. तो गुहा, राक्षस, कोडी रचतो. बाकीचे शूरवीर होऊन तोंडी सांगतात, आम्ही असं करतो, तसं करतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. मास्टर अर्थात मी. इंग्रजी नियम वाचणारा अख्ख्या परदेशीपुऱ्यात दुसरा आहे कोण? खेळाडू: वीव्हिंगचा सुधाकर, अकाउंट्सचा रत्नपाल आणि टायपिस्ट गिरिजाबाई. बाईंना जरा सांभाळून घ्यावं लागेल.

१५ नोव्हेंबर
पुलावर राक्षस. त्याच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या, मगच वाट. त्या प्रश्नांपायी माझी सगळी दिवाळी गेली होती. गिरिजाबाईंनी ते ऐकूनच घेतले नाहीत. उलट राक्षसालाच विचारलं, सर्विस किती झाली? मी म्हणालो, तीनशे वर्षं. तर म्हणे, भैया, आता तर पूल प्रायवेट होऊन राहिला आहे, व्ही.आर.एस. घेऊन टाका, नंतर तीही मिळायची नाही. फासा टाकला, नेमकं सर्वांत मोठं दान. राक्षस स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन घरी गेला. सुधाकर टेबल बडवत ओरडला, गजब कर दिया गिरिजाजी!
नवशिक्यांचं नशीब असतं एखाद्या दिवशी.

१७ नोव्हेंबर
लोखंडी दार, मंत्र ओळखला तरच उघडणार. बाईंनी विचारलं, बिजागऱ्या कोणत्या बाजूला? मी बेसावध. म्हणालो, तुमच्या. त्यांनी दारच काढलं! वर तेच पुढच्या खड्ड्यावर आडवं टाकून तिघं पलीकडे. खड्ड्याचंही कोडं होतं हो माझ्याकडे.
रत्नपालने बाईंसाठी गरम कचोरी आणली. मला विचारलंसुद्धा नाही. मला हेवा वगैरे वाटत नाही. ॲसिडिटी आहे.

१८ नोव्हेंबर
हेवाच आहे. जळून खाक झालोय. मिल चालू होती तेव्हा मोठे साहेब माझं पत्रांचं ड्राफ्टिंग चार जणांत वाचून दाखवायचे. आता वाहवा मिळायची ही एकच जागा उरली, तीही ही बाई बळकावतेय.
संकल्प: ज्याला उत्तरच नाही असं कोडं रचायचं.

२१ नोव्हेंबर
खोली. दार नाही, खिडकी नाही, भिंत फुटत नाही. आत खजिना आणि ड्रॅगन. मी निवांत चहा ओतला.
बाईंनी विचारलं, ड्रॅगन आत गेला कसा? मी म्हणालो, अंड्यात असताना. मग अंडं कसं गेलं? मी म्हणालो, ते नियमात नाही. तो खातो काय? मी म्हणालो, उपास करतो. बाई म्हणाल्या, मग आम्ही इथेच बसतो, भूक लागली की येईलच ना बाहेर, येईल तिथून आम्ही आत जाऊ.
सुधाकर टाळ्या वाजवायला लागला. मी छत पाडलं. तिघेही ठार.

२२ नोव्हेंबर
मतदान झालं. तीन विरुद्ध एक. उद्यापासून मास्टर गिरिजाबाई. मी मोठ्या मनाने खुर्ची सोडली. बरंच झालं. कोडं सोडवणं कशाला म्हणतात ते यांना आता कळेल. बायकोला सांगितलं. सरला म्हणाली, हजेरीला जाता ती याच्यासाठी?

२३ नोव्हेंबर
बाईंचं पहिलं कोडं: समोर एक दार. मी चौकट ठोकून पाहिली. उंबऱ्यावर पाणी ओतलं. कान लावला. दाराला कोपरापासून नमस्कार केला. शेवटी आग लावली. दुपार संपत आली, तोवर सुधाकर आणि रत्नपाल आत जाऊन खजिना घेऊन आलेसुद्धा. मी विचारलं, गेलात कसे?
बाई हळूच म्हणाल्या, दार तर खुलंच होतं ना, भाऊसाहेब.
हसल्या असत्या तरी चाललं असतं. हसल्या नाहीत. खजिन्यातला माझा वाटा त्यांनी बाजूला काढून ठेवला होता.