उजव्या तळव्यावरचा फोम

९ जानेवारी
उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याखाली, नाण्याएवढी जखम. डायबेटिसने तळवे बधिर, त्यामुळे कधी झाली कळलंच नाही. नर्स मर्लिसने घरी येऊन फोमचं ड्रेसिंग लावलं. म्हणाली, जखमेतलं पाणी हा शोषून घेईल, सोमवारी मी बदलेन, तोवर हात लावायचा नाही आणि त्या पायावर भार टाकायचा नाही. ठीक. दुखत अजिबात नाही.
संकल्प: गोड बंद, पाय वर. जूनमध्ये लेकीचं लग्न. केल्सी पाच वर्षांची असताना माझ्या पावलांवर उभी राहून पोल्का नाच शिकली. लग्नात बाप-लेकीचा पोल्का होणार म्हणजे होणार.

१२ जानेवारी
गोड बंद. डोनट एकच. टाकून देणं बरं दिसत नाही.

१७ जानेवारी
तळं पक्कं गोठलं. मर्लिस म्हणाली होती, बसून राहा. बर्फाला भोक पाडून मासे धरणारा माणूस बसूनच तर असतो! डोरीनने विचारलं, आणि तळ्यावरच्या त्या मासेमारीच्या झोपडीपर्यंत उडत जाणार का? चाळीस वर्षांचा संसार, पण बायकोला मासेमारी कळली नाही.

२५ जानेवारी
जखमेवर भार पडू नये म्हणून मर्लिसने दिलेला प्लॅस्टिकचा बूट बर्फावर निरुपयोगी. माझी युक्ती: माझ्या बुटात फोमचे तीन थर. गादीच! झपझप चाललो. दुखलं नाही.

२७ जानेवारी
मर्लिस भडकली. म्हणाली, नॉर्बर्ट, फोम पाणी शोषतो, तुमचं वजन नाही. थर वाढवले की जखमच दाबली जाते. पोरगी हुशार आहे, पण पुस्तकी. उद्यापासून पाय वर. उद्या नाही, सध्या मासे जोरात लागताहेत. परवापासून.

८ फेब्रुवारी
मर्लिसला कळवलं, घरी नाही, येऊ नकोस. फोम मीच बदलला. चिंब होता. बुटात बर्फ गेलं असणार. कडेला काळपट. मोज्याचा रंग.

१६ फेब्रुवारी
डोरीन म्हणते, वास येतोय. माशांचा डबा धुतला. हुडहुडी भरतेय, पण फेब्रुवारीच आहे.
नाचाचे काळे बूट आले. स्वयंपाकघरात घालून पोल्काची एक फेरी मारली. डोरीन तोंडाने बँड वाजवत होती. मध्येच थांबली. म्हणाली, नॉर्ब, खाली बघ. फरशीभर डाग.

३ मार्च, हॉस्पिटल
गुडघ्याखालून काढला. केल्सी खूप रडली. मी म्हणालो, वेडे, जूनपर्यंत नकली पाय बसतो, पोल्का पक्का. ती म्हणाली, हो बाबा. लहानपणी ती चंद्र मागायची तेव्हा मी असंच हो म्हणायचो.

२० मे
टाक्यांची जखम भरत नाही. तिथेही फोमच. आता हात लावत नाही. नकली पाय इतक्यात नाही. बँडवाल्याला फोन करून पोल्का रद्द केला. जुनाट वाटतो हल्लीच्या मुलांना.

१५ जून, सकाळ
काल लग्न झालं. पोल्का वाजलाच. केल्सीने बँडला परत सांगितलं होतं. ती माझ्या चाकाच्या खुर्चीपाशी आली, पांढरे बूट काढले, झगा उचलला आणि माझ्या डाव्या बुटावर एक पाऊल ठेवलं. दुसरं ठेवायला जागा नव्हती. ते तिने तसंच अधांतरी धरलं, माझ्या गळ्यात हात टाकून, गाणं संपेपर्यंत. माझ्याने तिच्याकडे बघवेना.
आज उठल्यापासून उजवं पाऊल ठणकतंय. जे नाही, ते. कुणी त्यावर उभं असावं तसं. होतं तेव्हा एकदाही दुखलं नाही.