धुऱ्यापलीकडची ओळ

माय गं,

आजपर्यंत तुले एकही चिठ्ठी लिहिली नाई. लिहून करणार काय होती? तुले वाचता येत नव्हतं, अन् दुसऱ्याकडून वाचून घ्यायची तुले लाज. "जेवली का?" "जेवली." एवढ्यात फोनवर आपलं भागायचं. पण शनिवारी आमच्या संगीत विभागाचा कार्यक्रम झाला. तिथी जे झालं, ते तुले सांगतल्याशिवाय माह्या गळ्याखाली घास उतरत नाई. म्हणून बसली लिहायले. विद्यापीठात मी दिवसभर "मला-तुला" बोलते, पण तुले लिहिताना ते जमतच नाई, पाह्य.

मागच्या हिवाळ्यात तुले मी गावाहून चंद्रपूरले माह्या घरी आणलं होतं. चार पावलं चालली की दम लागायचा तुले. दुपारी गॅलरीत ऊन यायचं, तिथी तुही बाज टाकून द्यायची, अन् रेकॉर्डिंग लावून फोन तुह्या तोंडासमोर धरून म्हणायची, "माय, रोवण्याचं गाणं म्हण."

"इथी? सिमेंटात?" तू हासायची. "चिखल नाई, लावायले धानाचे पऱ्हे नाई, अन् रोवणा लावतं का व मले?"

पण म्हणायची. धानाच्या दोन बांध्यांमधल्या धुऱ्याशेजारी चिखलात वाकली असल्यासारखी मान खाली घालून, लांब आवाज काढून म्हणायची,

"धुऱ्याच्या कडेले कोन उभं बाई?"

अन् थांबायची. मान वर करून माह्या तोंडाकडं पाह्यत राहायची. मी विचारायची, "पुढं काय, माय?"

"पुढचं माह्याकडं नाई व."

मग दुसरी ओळ, मग तिसरी. प्रत्येक ओळीत एक सवाल, अन् सवालानंतर तू गप्प. शेवटी ते पेंडीची ओळ. रोपांची जुडी हातात धरल्यासारखी मूठ करून तू विचारायची,

"हातातली पेंडी कोनासाठी ठेवली?"

पुन्हा माह्याकडं पाह्यणं. अन् मी फोन बंद करायची.

एका दुपारी तं मी ओरडलीच तुह्यावर. "जिंदगीभर गाणं म्हटलं अन् अर्धंच ध्यानात हाये! नीट आठव ना माय, मले कार्यक्रमात घ्यायचं हाये!" तू पदर तोंडाले लावून खोकलली अन् भिंतीकडं तोंड करून निजली. तुही ते पाठ मले आता सारखी दिसते. चहा घेऊन आली होती मी नंतर, आठवते? तू म्हटलं, "ठेव तिथी." बस.

होळीच्या आधी तू गेली.

मी काय केलं, सांगू? रडली, तेरवी केली, अन् पंधरा दिवसांनी तुहा आवाज घेऊन रचना बांधायले बसली. दोन व्हायोलिन, एक चेलो, एक क्लॅरिनेट अन् बावीस पोरापोरींचं वृंदगान. आधी स्पीकरवर तुहा सवाल. मग तू जिथी थांबली, तिथी चेलो. मग पोरं शब्दांशिवाय नुसते स्वर लावणार. कार्यक्रमपत्रिकेत मी मोठ्या ऐटीत लिहिलं, "वनप्रदेशातल्या स्त्रीचे अनुत्तरित प्रश्न." विभागप्रमुख सर म्हणाले, "वा! ह्या शांततेतच सगळं आहे." मी मान डोलावली. हो गं बाई, डोलावली! अक्कल गहाण ठेवली होती माह्यी.

तुही रोवण्यातली जोडीदारीण म्हणून गयाबाईले बोलावलं. ते आता धानोऱ्याले लेकीकडं राहते. खरं सांगू, तुह्या फोटोले हार घालायले बोलावलं होतं. गाण्यासाठी नाई. तिले काही विचारावं, हे माह्या डोक्यातही आलं नाई.

आली बिचारी. दोन गाड्या बदलून, नवं हिरवं लुगडं नेसून, डब्यात तुह्यासाठी, म्हणजे तुह्या फोटोसाठी, मोहफुलाचे लाडू घेऊन. तिसऱ्या रांगेत माह्या बाजूले बसवलं. पहिली रचना क्लॅरिनेट अन् व्हायोलिनची होती, अलीकडचं संगीत, तुटक तुटक. दहा मिनिटं झाल्यावर गयाबाई माह्या कानात म्हणते, "पोट्टे अजून सूर लावून राह्यले का?" मी म्हटलं, "नाई मावशी, हेच गाणं हाये." "असं का," म्हणे, अन् शहाण्यासारखी हात जोडून बसली.

मग आपलं आलं. दिवे मंद झाले. अन् माय, तू बोलली. एवढ्या मोठ्या सभागृहात, खोकल्यासकट तुहा आवाज.

"धुऱ्याच्या कडेले कोन उभं बाई?"

चेलोवालीनं गज टेकवला न टेकवला, अन् माह्या बाजूनं खणखणीत आवाज आला,

"पाठचा माहा भाऊ, त्याले सावली नाई!"

लोकं वळून पाह्यले. कोणी हासलं. मले तं धरणी फाटून पोटात घेईल तं बरं, असं झालं. मी गयाबाईचा हात दाबला, "मावशी, चूप!" असं म्हटलंही. हो, तिलेही दटावलं. तुले दटावलं होतं तसंच. पण ते ऐकते कुठी! तिचे डोळे मिटले होते, अंग पुढं वाकलं होतं. तू दुसरा सवाल टाकला, तिनं दुसरं उत्तर देलं. वृंदगानाले इशारा करणारा सरांचा हात हवेतच राह्यला. चेलोवालीनं गज मांडीवर ठेवून देला. वृंदगानातली पोरं तोंड उघडं ठेवून ऐकून राह्यली होती.

मग तू विचारलं, "हातातली पेंडी कोनासाठी ठेवली?"

अन् गयाबाईनं सांगतलं, "मांगं राह्यली जे बाई, तिच्यासाठी ठेवली."

मी तिचा हात सोडला. मले पुढचं काहीच ऐकू आलं नाई, माय. टाळ्या वाजल्या म्हणे. लय वाजल्या म्हणे.

नंतर बाहेर पायऱ्यांवर गयाबाई लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, "मावशी, माय हे उत्तरं विसरली होती का?"

"विसरंल कायले? तिचे नोहतच ते." गयाबाईले माहं नवलच वाटलं. "लगन होऊन आलो तवापासून तुही माय इकडच्या बांधीतून विचारे, मी धुऱ्यापलीकडून सांगो. विचारनारीनं सांगनारीची ओळ म्हनाची नसते बाई. रोवताना दुसरीच्या वाट्याच्या पातीत कोनी हात घालते का?"

"पण मग ते माह्याकडं पाह्यत राहायची..."

"तं तुनं सांगाचं होतं ना!"

एवढं सहज म्हटलं तिनं. मी तिच्या बाजूले पायरीवर बसली. तू विसरत नव्हती, माय. तू थांबत होती. चिखल नाई, बांधी नाई, गयाबाई नाई, म्हणून तू मले धुऱ्यापलीकडं उभं केलं होतं. अन् मी? मी बटण दाबत होती.

पण तुह्यावरही राग हाये माहा. काऊन शिकवली नाई ते ओळ? रोवणा आला की मले घरात बसवायची. "तुले शिकाचं हाये, चिखलाले हात लावू नको." गावातल्या साऱ्या पोरी बांधीत, अन् मी दारात पुस्तक घेऊन लांबून गाणं ऐकत. लांबून सगळं एकच गाणं वाटायचं गं! कोण विचारते अन् कोण सांगते, ते बांधीत उतरल्याशिवाय कसं कळंल? मले संगीत शिकवायले तू कितीकांच्या बांधीत वाकली, अन् तुहंच गाणं मले येत नाई. अन् त्या दुपारी एकदा तरी भांडायचं होतं. "अव येडे, हे तुही ओळ हाये," असं म्हणायचं होतं. पाठ कायले केली?

ते चेलोची जागा मी खोडून टाकली. कार्यक्रमपत्रिकाही फाडली. गयाबाईले चार दिवस घरी ठेवून घेतलं. ते माह्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शिकवते. माहा आवाज तिले पसंत नाई. "लय गुळगुळीत हाये व तुहा. वाकून म्हन." मी कंबरेत वाकून म्हणते. पोटावर दाब पडला की आवाज खरंच वेगळा निंघते. हे मले कोणत्याच वर्गात कोणी सांगतलं नव्हतं.

येत्या रोवण्याले मी गावी जाईन. गयाबाईही येणार हाये, तिचे गुडघे तिले उभं राहू देतील तेवढा वेळ. तुह्या जागी मी उभी राहणार नाई, ते जागा तुहीच. मी धुऱ्यापलीकडच्या बांधीत उतरीन, गयाबाईच्या बाजूले. तुहा आवाज असलेला फोन धुऱ्यावर ठेवीन. तू आपली विचार. या खेपेले मी बंद करणार नाई. मी सांगीन.

मांगं राह्यलेली तुही पोरगी,
सुनी