दोन कार्डे, एक बोट

मंगळ. ४ नोव्हें.
तीन महिने फिरत्या दवाखान्याच्या रजिस्टरात मी चुकीचे लिहिले. अजाणता, पण अक्षर माझेच. रजिस्टर ऑफिसात जाते आणि त्यात कारणांचा रकाना नाही. म्हणून ही वही.

हरियाणातले टेकडीमागचे गाव. गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस, व्हॅन चौपालसमोर, पुरुषांच्या बैठकीच्या जागी. कमला सकाळीच येऊन गेली, सातवा महिना. तासाभराने तिची धाकटी जाऊ संतोष, तिलाही सातवा. घुंघट हनुवटीपर्यंत. सिस्टर मर्सीने रक्तासाठी बोट धरले, तर टोचल्याची ताजी खूण. ओढणी वेगळी, बाई तीच.

मर्सी : "दीदी, डबल ड्यूटी!" मी हसले नाही.

कमला : "वा नई बहू सै. चौपाल के आगै तै क्यूकर लिकड़ै? ससुर-जेठ बैठे सैं. गोली तो मैं उसनै दे द्यूँ सूँ." नव्या सुनेला सासरे-जेठांसमोरून निघता येत नाही, म्हणून तिच्या नावावर हीच.

ऑगस्टपासून दोघींचे वजन, रक्त सारखे. रजिस्टरात आणि दोघींच्या कार्डांवर माझा शेरा : 'ठीक. नियमित. आदर्श घर.'

चौपालची जागा मीच निवडली होती. सावली, पक्की जमीन.

संतोषला पाहायचे म्हटले. सासू : "खेत में गई सै."

बुध. ५
उद्याच्या जादा फेरीची परवानगी मिळाली. हे म्हणाले, "पुन्हा एवढ्या लांब? कशाला?" "माझी चूक झाली." हे पेपर खाली ठेवून बघत राहिले. लग्नानंतर हे वाक्य पहिल्यांदाच ऐकले असावे.

गुरु. ६
गुडगावच्या नव्या काचेच्या इमारती, सोहना, मग नुसते खड्डे. व्हॅन गावामागे, गोवऱ्या थापतात तिथे लावली. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. पूर्वी कधी न आलेल्या सात जणी आल्या. संतोष शेवटी. ओठ पांढरे, पाय सुजलेले, उभ्याने धाप. हिमोग्लोबिन पाच. आजच दिल्लीला न्यायला हवे. सासू : "इसके ससुर तै पूछो."

चौपालवर गेले. सासऱ्यांनी चष्मा लावून संतोषचे जुने कार्ड वाचले. "थमनै तो लिख राख्या सै, ठीक. इब के होग्या?"

"गलत लिखा था. मैंने."

त्यांनी हुक्क्याची नळी बाजूला केली. "तो आज का सही सै, नूँ क्यूकर मानूँ?"

सुनेचे तोंड ते पाहणार नाहीत. "हाथ देख लीजिए," म्हटले आणि संतोषला आणवले. चौपालसमोर ती पहिल्यांदाच. ओढणीतून तळवा पुढे केला. कमला मागोमाग आली होती, कोणी बोलावले नव्हते. तिने आपला तळवा शेजारी धरला. एक तांबूस, एक चुन्यासारखा.

त्यांनी वाकून दोन्ही तळवे पाहिले. मग मान वळवून, "ले जाओ."

संध्या. ५.४०. दिल्लीत प्रसूती वॉर्डच्या सिस्टरांकडे सुपूर्द : पेशंट एक, संतोष, वय एकोणीस सांगतात. नवे कार्ड, आजचे. जुने कार्ड, माझ्या सहीचे, लाल रेघ मारून. रक्ताचा नमुना. चांदीची कडी काढून सोबत आलेल्या सासूच्या हातात. रक्त देणारे : मर्सीचा गट जुळला, एक बाटली. दुसरी हवी. नवरा पानिपतला कापडाच्या मागावर कामाला असतो, निरोप पाठवला आहे. अजून आलेला नाही.