तक्रार खिडकीसाठी माणूस पाहिजे

३ तारीख, सोमवार.
तक्रार खिडकीवरच्या कारकुनाचे आज दोन दात पडले. दुरुस्त करून दिलेला मिक्सर घरी जाऊन पुन्हा जळाला, म्हणून गिऱ्हाइकाने तो त्याच्या तोंडावरच हाणला. कारकून दात रुमालात बांधून निघून गेला. मालक म्हणाले, मॅनेजरसाहेब, आठवड्यात नवा माणूस आणा, नाहीतर तिथे तुम्हीच बसा. मी हसलो. माणूस पारखण्यात माझा हात कोण धरणार?

५ तारीख.
मुलाखती. माझी खास पद्धत: उमेदवारावर एकदम ओरडायचं, टेबल आपटायचं. पाच जण पळाले. सहाव्याने माझाच पेपरवेट उचलून भिंतीवर फोडला. प्लॅस्टर पडलं. याला म्हणतात धमक! जागीच निवडला. नाव ठेवलं पैलवान. जुन्या नोकरीवर फोन करून चौकशी करायची राहिली. नजर असल्यावर फोन कशाला?

७ तारीख, दुपार.
पैलवानाने तीन गिऱ्हाइकं बडवली. एकाचा हात मोडला. तो बिचारा फक्त संडास कुठे आहे विचारत होता. पोलीस आले. मी मालकांना समजावलं की निवड बरोबर होती, गिऱ्हाइकं चुकीची आली. मालकांनी स्टेपलर फेकून मारला. थोडक्यात वाचलो. बायको म्हणते, एक फोन केला असतात तर काय बिघडलं असतं? तिला एचआरमधलं काय कळतं!
संकल्प: यापुढे शांत माणसं.

८ तारीख.
एक बाई आल्या. बोलणं मऊ. नवरा नाही, दोन मुलं. त्यांनी सरळच विचारलं, इथे कोणी अंगावर येतं का? म्हटलं, छे हो, अगदी घरच्यासारखं वातावरण आहे. यात खोटं काय? भांडी तर घरातही आदळतात. खिडकीला जाळी नाही का, असंही विचारलं. म्हटलं, ऑर्डर दिलीय. (द्यायची आहे.) सोमवारपासून कामावर.

१० तारीख.
इस्त्री. गरम नव्हती, एवढंच नशीब. बाईंच्या कपाळाला टाके, डोळा बंद. हॉस्पिटलात जाऊन धीर दिला. म्हटलं, किरकोळ आहे. शेजारी त्यांची धाकटी बहीण उभी होती. तिने अशी थोबाडीत दिली की चष्मा कॉटखाली गेला. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.
निर्णय माझा योग्यच होता. अंमलबजावणी कमी पडली.

११ तारीख.
मालकांनी मला खिडकीवर बसवलं. म्हणाले, तुमची मुलाखत घ्यायची गरज नाही. पहिलेच एक आजोबा आले. हातात टेबलफॅन. मी गोड हसून म्हटलं, बसा आजोबा. त्यांनी पंखा माझ्या नाकावर घातला.
लागलं. फार लागलं. रक्त थांबेना, तेव्हा मी रडलो. बाईंना याच्या दहापट लागलं असेल, आणि मी त्यांच्या उशाशी उभा राहून किरकोळ म्हणालो.

१३ तारीख.
मालक सोडायला तयार नाहीत. बदली माणूस आणा, मग उठा. जाहिरात दिली. पहिल्याच ओळीत लिहिलं, गिऱ्हाइकं मारतात.

१४ तारीख, सकाळ.
एकच फोन आला. त्याने विचारलं, खरंच मारतात का? म्हटलं, हो. नाक दुखत होतं म्हणून आवाज जरा वेगळा आला. त्याने फोन ठेवला.
मीही रिसीव्हर जागेवर ठेवला. मग खिडकी उघडली. रांग रस्त्यापर्यंत होती.